नामदार गोखल्यांचे दप्तर

कॉलेजचा कारभार वाहिलेल्या माणसाचे दप्तरही इतिहासाचेच साधन होय, याचे स्मरण आपणांस क्वचितच असते.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे खाजगी कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अभ्यासक ते चाळतात ते बहुधा गांधीजी व वेडरबर्न यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारासाठी. मला मात्र त्यांतील पुढाऱ्यामागे उभा असलेला डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा चिटणीस अधिक मोहवितो. दरमहा अवघ्या ७५ रुपयांच्या वेतनावर २० वर्षे सेवेस बांधून घेणाऱ्या आजीव सभासदांपैकी हा एक. वर्गात गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे पडेल ते शिकवावे आणि सुटी लागताच फर्ग्युसन कॉलेजच्या इमारतनिधीसाठी दारोदार वर्गणी मागत हिंडावे, हा त्याचा शिरस्ता. ती इमारत १८९५ मध्ये उभी राहिली.

१९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास सरकारच्या अंदाजपत्रकातील शिलकेची ज्यांनी निर्भीड झडती घेतली, त्या गोखल्यांची आकड्यांवरील हुकमत, माझ्या मते, संस्थेच्या जमाखर्चावरच घडली होती. ज्यांना हे पडताळून पाहावयाचे असेल, त्यांनी अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळापासून आरंभ करावा. तेथील सूची घरबसल्या पाहता येते.