एमिल झाटोपेक: दिलेले आणि नेलेले



विजेत्याचे मोठेपण त्याच्या पदकांच्या संख्येवर आम्ही मोजत नाही. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक पाहा. बाटाच्या पादत्राणांच्या कारखान्यात राबणारा हा तरुण आपली पहिली शर्यत धावला तोही वरिष्ठांनी भाग पाडले म्हणून! तोच पुढे १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यात प्रथमच धावलेली मॅरेथॉन, अशा तिन्ही शर्यती जिंकता झाला. असा पराक्रम आजवर दुसऱ्या कोणालाही साधलेला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने जागतिक विक्रमांची रास घातली. पण ऑलिंपिकचे सुवर्ण त्याच्या नशिबी नव्हते. १९६६ साली तो प्रागला आला असता झाटोपेकने निरोपाच्या वेळी त्याच्या हाती एक पुडके ठेवले. त्यात हेलसिंकीचे एक सुवर्णपदक होते!

१९६८ साली रशियन फौजा प्रागमध्ये शिरल्या. झाटोपेकने उघड निषेध केला. लष्करातले कर्नलपद गेले, कष्टाची मजुरी वाट्याला आली.

सत्तेने त्याचा हुद्दा नेला, मंडळी. पण त्याने आपण होऊन जे दिले, ते कोण हिरावून नेणार?