पावलांवरचा विश्वास



मुरबाड तालुक्यातल्या देहरी गावातून गोरखगडाची वाट निघते. रान मागे पडलं की कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरू होतात, दरवाजा लागतो, पाण्याची टाकी लागतात आणि मग ऐसपैस गुहा. गुहेपुढे चाफ्याची झाडं, खाली दरी, समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. इथवर बरेच जण येतात. माथ्यावर महादेवाचं देऊळ आहे, तिथे जायचं तर उभ्या कातळातल्या पायऱ्या चढाव्या लागतात. बोटं रुतवायला खोबण्या आहेत, पण कठडा नाही. चढताना नजर वर असते, म्हणून निभावतं. उतरताना मात्र तोंड कातळाकडे करायचं आणि न दिसणारी खालची पायरी चवड्याने चाचपून शोधायची. मी शिक्षिका आहे. शाळेतल्या मोठ्या मुलींना माहितगार माणसं आणि दोर सोबत घेऊन तिथे नेते. खाली उभी राहून सांगत असते, "डावा पाय अजून वीतभर खाली घे." मग वरून आवाज येतो, "बाई, पायरी लागली."

पावलांवरच्या याच विश्वासाची आठवण करून देणाऱ्या एका व्हिडिओ गेमबद्दल आज मी तुमच्याशी बोलणार आहे. त्याचं नाव 'मिरर्स एज'. स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरातल्या डाइस या कंपनीने तो बनवला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 2008 च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आणला. कॉम्प्युटरवर तो 2009 च्या जानेवारीत आला. आमच्या शहापुरातल्या घरी तो माझ्या धाकट्या भावामुळे पोहोचला. "ताई, हा तुझा गेम आहे," असं म्हणून त्याने मला खुर्चीत बसवलं. त्याचं म्हणणं किती खरं होतं, ते मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

गेममध्ये एक चकचकीत, पांढरंशुभ्र शहर आहे. तिथे फोन, ईमेल, सगळ्यावर सत्तेची पाळत असते. म्हणून ज्यांना गुपचूप निरोप पाठवायचे आहेत, ते धावपटूंच्या हाती देतात. हे धावपटू रस्त्याने जात नाहीत, गच्च्यांवरून जातात. आपल्याकडच्या जुन्या हरकाऱ्याचीच ही नवी जात म्हणा ना. याच मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून सातवाहनांच्या काळात व्यापारी जुन्नरकडे जायचे. निरोप आणि माल माणसाच्या पायांवर चालायचा, ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. गेमची नायिका अशीच एक धावपटू आहे. तिचं नाव फेथ, म्हणजे विश्वास. तिची बहीण केट पोलिसात असते. एका राजकारण्याच्या खुनात केटला गोवलं जातं आणि तिला सोडवण्यासाठी फेथ धावत सुटते.

फेथ ज्या पद्धतीने धावते तिला पार्कूर म्हणतात. भिंत, कठडा, पाइप, जे आडवं येईल ते थांबायचं कारण न मानता पुढे जायचं साधन मानायचं, ही ती विद्या. पॅरिसच्या दक्षिणेला लीस नावाचं गाव आहे, तिथल्या डेव्हिड बेल आणि त्याच्या सवंगड्यांनी ती घडवली. डेव्हिडचे वडील रेमंड बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते, त्यांच्याकडून हा वसा त्याला मिळाला. आणखी मागे गेलं तर जॉर्ज एबेर हा फ्रेंच नौदलातला अधिकारी भेटतो. आफ्रिकेत निसर्गाच्या सान्निध्यात राहणाऱ्या लोकांची चपळ, काटक शरीरं त्याने पाहिली. व्यायामशाळेचं तोंडही न पाहता ही माणसं अशी कशी, या विचारातून त्याने चालणं, धावणं, चढणं, उडी मारणं, तोल सांभाळणं यांची एक शिक्षणपद्धती बांधली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाडीपाड्यांवरची ठाकर आणि कातकरी मुलं डोळ्यांपुढे आली. पार्कूरचं नावही त्यांनी ऐकलेलं नाही, पण ओढ्यातल्या ओल्या दगडांवरून ती न थबकता पलीकडे जातात. पॅरिसजवळच्या त्या विद्येचं मूळ अशाच शरीरांत आहे.

आता या गेमचे गुण सांगते. नायकाच्या डोळ्यांतून जग दाखवणारे गेम, ज्यांना फर्स्ट पर्सन म्हणतात, ते याआधीही खूप होते. पण त्यातल्या बहुतेकांत नायकाला शरीरच नसायचं. पडद्याच्या तळाशी बंदूक धरलेला एक हात, बाकी सगळा तरंगणारा कॅमेरा. खाली पाहिलं तर पाय दिसायचे नाहीत. 'मिरर्स एज'ने खाली पाय दाखवले. कठडा पकडताना फेथचे हात पुढे येतात, धावताना तिचे दंड डोळ्यांच्या कडेला हलतात, उडी मारली की पाय वर येताना दिसतात. मन लावून खेळणाऱ्याचे तळवे इथे घामेजतात, ते याच कारणाने.

दुसरा गुण आवाजाचा, आणि रेडिओवर त्याबद्दल बोलायला मला विशेष आनंद होतो. सिमेंटवर पडणारं पाऊल वेगळं वाजतं, लोखंडी जाळीवर पडणारं वेगळं, पत्र्यावरचं आणखी वेगळं. वेग वाढतो तशी पावलांची लय घट्ट होते, श्वास मोठा होतो, कानांत वारा भरतो. उंचावरून उडी घेतली की जमीन जवळ येताना नेमक्या वेळी खाली वाकण्याची कळ दाबायची असते. ती साधली तर फेथ कोलांटी घेते, जग एकदा गर्रकन फिरतं आणि पाऊल पुढच्या पावलाला मिळतं, लय तुटत नाही. चुकली तर ती धपकन आपटते, कण्हते, अडखळते आणि कमावलेला सगळा वेग जातो. यापेक्षा मोठी शिक्षा नाही. वेग हीच इथली कमाई आहे. तबल्याचा हात बसत गेला की बोल आपोआप निघतात, तसं पाचव्या-सहाव्या वेळी बोटं स्वतःच चालायला लागतात. सोलर फील्ड्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅग्नुस बिर्गेर्सनचं संगीत या पावलांना साथ करतं, त्यांच्यावर कुरघोडी करत नाही.

तिसरा गुण रंगाचा. पडद्यावर नकाशा नाही, आकडे नाहीत, किती जीव उरला ते दाखवणारी पट्टी नाही. मधोमध एक बारीक ठिपका तेवढा असतो, डोकं गरगरू नये म्हणून. मग वाट कळते कशी? पांढऱ्या शहरात जिथे पाय टाकायचा ती फळी, तो पाइप, तो दरवाजा हळूच लाल होतो. आपल्या गडवाटांवर कुणी भल्या माणसाने दगडावर रंगवलेला बाण असतो ना, तसाच. आसनगावहून माहुली गडावर जाणाऱ्याला दाट रानात असा बाण दिसला की किती हायसं वाटतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

इतकं चांगलं असताना हा गेम अधुरा का वाटतो, तेही मनापासून सांगते.

पहिला दोष, त्याने धावणाऱ्या मुलीच्या हातात बंदूक दिली. फेथ पोलिसांच्या हातून शस्त्र हिसकावून घेऊ शकते आणि चालवूही शकते. जड बंदूक हाती आली की तिचं धावणं मंदावतं, चढणं-लटकणं बंद होतं. म्हणजे गेम स्वतःच सुचवतो की हे तुझं काम नाही. एकाही शत्रूवर गोळी न झाडता शेवट गाठणाऱ्यासाठी तर त्यात खास मानचिन्ह ठेवलंय. आणि तरीही पुढच्या टप्प्यांवर सशस्त्र शिपाई अशा जागी उभे करतात की पळणं हा उपाय फार महाग पडतो. निम्मं मन धावण्यात, निम्मं गोळीबारात. नुसत्या धावण्यावर लोक खिळून राहतील, एवढा भरवसा बनवणाऱ्यांना वाटला नसावा असं मला दिसतं.

दुसरा दोष घोकंपट्टीचा. उडी चुकली की फेथ खाली कोसळते आणि गेम थोडा मागे नेऊन पुन्हा उभं करतो. हे ठीक आहे, चुकल्याशिवाय कुणी शिकत नाही. पण काही ठिकाणी विचार करायला उसंतच मिळत नाही. मागून गोळ्या, पुढे बंद दार, वाट सापडेपर्यंत दहादा मरण. अकराव्यांदा आपण पार होतो ते वाट समजली म्हणून नाही, पाठ झाली म्हणून. मुलांचं असं पाठांतर मी रोज वर्गात पाहते. उत्तर बरोबर येतं, पण गणित कळलेलं नसतं. बंद इमारतींतल्या अरुंद बोगद्यांत हे जास्त जाणवतं. ज्याला गच्च्यांवरचं आभाळ दाखवलं, त्याला हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांतून रांगायला लावलं की जीव घुसमटतो.

तिसरा दोष कथेचा. रियाना प्रॅचेटने लिहिलेल्या या कथेत दोन बहिणी आहेत, एक कायदा राखणारी, दुसरी कायद्याबाहेर पळणारी. केवढी मोठी गोष्ट होऊ शकली असती! पण ती बरीचशी मधल्या सपाट कार्टूनचित्रांतून सांगून टाकली आहे. जे पावलांनी सांगायचं होतं ते चित्रांनी उरकलं. एका अर्थी फेथचं शरीर तिथे पुन्हा हरवतं. आणि सगळं मिळून अवघ्या काही तासांत संपतं.

2016 साली याच कंपनीने 'मिरर्स एज कॅटलिस्ट' आणला. त्यात फेथच्या हातून बंदूक काढून घेतली, हे फार चांगलं झालं. पण शहर मोकळं करताना त्यात किरकोळ कामांची गर्दी भरली आणि काही साध्या हालचालीही गुण कमावल्यावर मिळू लागल्या. पहिल्या गेममधली ती सडसडीत, नेमकी धाव त्यात थोडी पातळ झाली.

मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एक गोष्ट कळकळीने सांगते. गेममधलं मरण परत येऊ देतं, गच्चीवरचं येऊ देत नाही. असल्या उड्या घराच्या गच्चीवर किंवा रेल्वेच्या पुलावर कुणी मारू नयेत. ज्यांना हे शरीराने शिकायचंय त्यांनी जमिनीवर, मातीत, जाणत्या माणसापाशी शिकावं. मल्लखांब आहे, आट्यापाट्या आहेत, सूरपारंब्या आहेत, आपल्या दारातले गड आहेत.

मग या गेममध्ये सगळ्यात सुंदर काय? माझ्या मते वेळेच्या शर्यती. तिथे कथा नाही, शिपाई नाहीत. तुम्ही, गच्च्या आणि घड्याळ. तुमचीच आधीची धाव सावलीसारखी पुढे पळत असते आणि तिला तुम्हाला मागे टाकायचं असतं. आणि त्याहून एक पायरी वर म्हणजे तो लाल रंग बंद करून खेळणं. तशी सोय गेममध्ये आहे. लाल खूण गेली की शहर पहिल्यांदा नीट पाहावं लागतं. ही फळी माझा भार घेईल का, त्या पाइपापर्यंत हात पोहोचेल का, हे आपलं आपण ठरवायचं. पहिल्या प्रयत्नांत मी सपशेल पडले. मग हळूहळू वाटा दिसायला लागल्या, ज्या लाल रंगाने मला कधीच दाखवल्या नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यात गोरखगडावर आमच्या शाळेतली एक मुलगी त्या पायऱ्या उतरत होती. कमरेला दोर होता, वर दोर धरणारा जाणता माणूस होता, खाली मी होते. सवयीप्रमाणे मी तोंड उघडलं, "डावा पाय..." तेवढ्यात ती कातळाला टेकूनच म्हणाली, "बाई, सांगू नका. मी शोधते." मी गप्प झाले. तिचा पाय हवेत थोडा हलला, कातळाला घासला, एकदा घसरला, पुन्हा फिरला. मग चवडा टेकल्याचा बारीक आवाज आला आणि दुसरा पाय खाली निघाला.