दीर्घ पल्ल्याच्या धांवपटूचा वेग

लांब पल्ल्याचा धांवपटू म्हणजे मंद गतीचा, परंतु चिवट मनुष्य, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. शाळेच्या शर्यतींत मागें राहणाऱ्या मुलाला ‘तुझ्या पायांत वेग नाहीं, तूं लांबच्या शर्यतींत उतर’ असा सल्लाही मिळतो. ससा आणि कांसव यांची गोष्ट लहानपणापासून कानांवर असल्यामुळें हा समज दृढ झाला असावा. परंतु मॅरॅथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची शर्यत, जिंकणारे वीर खरोखरच कांसवाच्या जातीचे असतात काय? केनियाच्या एलियुद किपचोगेचें उदाहरण श्रोत्यांनीं या दृष्टीनें पाहावें.

२००३ सालीं पॅरिस येथें जागतिक अजिंक्यपदाची ५,००० मीटरांची अंतिम शर्यत झाली. किपचोगे तेव्हां अवघ्या १८ वर्षांचा होता. प्रतिस्पर्ध्यांत मोरोक्कोचा हिशाम एल गेरुज होता. १,५०० मीटरांचा जागतिक उच्चांक त्याच्या नांवावर होता. अशा वीराशीं अखेरच्या टप्प्यांत झुंज देऊन किपचोगेनें १२ मिनिटें ५२.७९ सेकंदांत शर्यत जिंकली. गेरुज केवळ ०.०४ सेकंदानें मागें पडला.

पुढें ऑलिंपिकमध्यें याच अंतरावर किपचोगेला २००४ सालीं कांस्यपदक व २००८ सालीं रौप्यपदक मिळालें. २०१२ सालीं मात्र केनियाच्या ऑलिंपिक संघांत त्याची निवड झाली नाहीं. कारकीर्द संपली असें वाटावें, असाच तो प्रसंग होता. परंतु पुढच्याच वर्षीं तो हँबुर्गच्या मॅरॅथॉनमध्यें उतरला आणि पहिला आला. २०१६ व २०२१ सालीं त्यानें ऑलिंपिकची मॅरॅथॉन जिंकली, आणि २०२२ सालीं बर्लिन येथें २ तास १ मिनिट ९ सेकंद हा तोंपर्यंतचा जागतिक उच्चांक केला.

आतां आंकड्यांचा हिशेब पाहावा. धांवपट्टीचा एक फेरा ४०० मीटरांचा असतो. किपचोगेनें १,५०० मीटर अंतर ३ मिनिटें ३३.२० सेकंदांत तोडलें आहे. म्हणजे फेऱ्यास सुमारें ५७ सेकंद. ५,००० मीटरांच्या त्याच्या सर्वोत्तम वेळेंत फेऱ्यास सुमारें ६१, १०,००० मीटरांस ६४, आणि बर्लिनच्या मॅरॅथॉनमध्यें सुमारें ६९ सेकंद पडतात. अंतर २८ पट वाढलें, तरी फेऱ्याचा वेळ अवघा १२ सेकंदांनीं वाढला! १०० मीटरांचें अंतर सतरा सेकंदांहून किंचित् अधिक वेळांत, आणि तें न थांबतां ४२२ वेळां, असा हा पराक्रम आहे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें एमिल झाटोपेकनें ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरॅथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. त्याच्या १०,००० मीटरांच्या विजयांत फेऱ्यास ७० सेकंद पडले होते. धांवपट्ट्या व जोडे तेव्हां निराळे होते, हें खरें. तथापि त्या गतीहूनही किपचोगेची मॅरॅथॉन वेगवान ठरते.

याचें कारण उघड आहे. वेग हें धांवपटूचें भांडवल होय. ज्याची शिकस्तच ६७ सेकंदांच्या फेऱ्याची, त्याला ६९ सेकंदांची गति दोन तास टिकविणें अशक्य. ज्याच्यापाशीं ५७ सेकंदांची ताकद शिल्लक आहे, तोच ती गति जपून वापरूं शकतो. अर्थात् नुसत्या भांडवलानें व्यापार चालत नाहीं. रक्तावाटे स्नायूंना प्राणवायूचा अखंड पुरवठा व्हावा लागतो, आणि प्रत्येक पाऊल काटकसरीनें टाकावें लागतें. त्यासाठीं वर्षानुवर्षें रोजचा सराव हवा. १०० मीटर ९.५८ सेकंदांत धांवणाऱ्या उसेन बोल्टच्या स्नायूंची घडणच वेगळी; तेथें मॅरॅथॉनवीर टिकणार नाहीं, आणि मॅरॅथॉनमध्यें बोल्टही टिकणार नाहीं.

म्हणून लांब पल्ल्याची शर्यत ही मंद मुलांची सोय समजूं नये. ज्या मुलाला दूरवर धांवावयाचें आहे, त्याला आधीं थोड्या अंतरावर वेगानें धांवावयास शिकवावें. किपचोगेचें तारुण्य धांवपट्टीवर गेलें. तेथें कमावलेला वेगच पुढें रस्त्यावर त्याच्या उपयोगीं पडला.