पाटी बदलली, पाना राहिला



बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत भरदुपारी लाइट जाते. मोटरींची घरघर उतरत जाते, सुपरवायझर घड्याळाकडे बघतो आणि काही सेकंदांत शेडच्या मागे, हिरव्या कॅनोपीतला जनरेटर खाकरून उठतो. ‘डीजीवर घेतलं!’ कोणीतरी ओरडतो आणि काम पुढे सुरू. काही किलोमीटरवर देशातले पहिले अणुवीज केंद्र, आणि इथे डिझेल जाळायचे. बोईसरकरांना या गमतीचे आता हसूही येत नाही.

अणुवीज केंद्राच्या जुन्या भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या. त्या कॅनोपीतले इंजिन बऱ्याचदा कमिन्सचे. दोन्ही कंपन्या अमेरिकी, दोघींचा भारताशी व्यवहार साठच्या दशकात रंगला, पण दोघींचे इथे राहणे अगदी वेगवेगळ्या तऱ्हेचे.

रेल्वेची आणि विमानांची इंजिने घडवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकशी तारापूरचा करार झाला 1964 साली, ‘टर्नकी’ पद्धतीचा. म्हणजे सगळे उभारून द्यायचे आणि किल्ली हातात ठेवायची. प्रत्येकी 210 मेगावॉटच्या दोन भट्ट्या 28 ऑक्टोबर 1969 पासून रीतसर वीज देऊ लागल्या. किल्ली मिळाली, कोठार मात्र दुसऱ्याच्या ताब्यात राहिले. इंधन म्हणून लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने 30 वर्षे पुरवायचे, असे 1963 मध्ये ठरले होते. 1974 ला पोखरणचा स्फोट झाला, 1978 ला अमेरिकेने आपला कायदा कडक केला आणि शब्द फिरला. पुढे इंधन फ्रान्सकडून आले, मग चीनकडून, मग रशियाकडून. दरम्यान दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. बोलवायला मूळ कारागीर नव्हता. इथल्याच अभियंत्यांनी ती वाफजनित्रे बाजूला काढली आणि प्रत्येक भट्टी 160 मेगावॉटवर चालवली. क्षमता घटली, पण केंद्र चालते राहिले.

शेजारीच 2005 आणि 2006 मध्ये 540 मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या सुरू झाल्या. त्या विजेच्या हिशेबात अक्करपट्टी आणि पोफरण ही उठवलेली दोन गावेही धरावी लागतात. समारंभाच्या भाषणांत ती सहसा येत नाहीत.

आणि जनरल इलेक्ट्रिक? तिचा रेल्वे इंजिनांचा धंदा 2019 मध्ये वॅबटेककडे गेला. 2024 मध्ये उरलेल्या कंपनीची वाटणी पूर्ण झाली: विमानांची इंजिने एकीकडे, वीज आणि अणुऊर्जा दुसरीकडे. यंत्र उभे आहे आणि ज्यांच्याशी करार झाला ते घर विभक्त झाले आहे.

कमिन्सची गोष्ट साधी आणि म्हणूनच जास्त खोल. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस नावाच्या छोट्या गावात 1919 मध्ये ही कंपनी निघाली. क्लेसी कमिन्स हा एका बँकवाल्याच्या मोटारीचा चालक आणि मेकॅनिक. पैसा त्याच मालकाचा. हीच कंपनी 1962 मध्ये पुण्याला आली ती शंतनुराव किर्लोस्करांच्या भागीदारीत. निम्मे भाग कमिन्सचे, साडेपंचवीस टक्के किर्लोस्करांचे, उरलेले जनतेचे. कोथरूडला कारखाना उभा राहिला. त्या काळी परकीय चलन म्हणजे दुष्काळातले पाणी. आयातीच्या प्रत्येक भागासाठी परवान्याची रांग. मग पिस्टन असो वा पंप, तो इथेच कोणाकडून तरी घडवून घेण्यावाचून इलाज नव्हता. सरकारी अडवणुकीला उद्योजक शिव्या घालत आणि त्याच अडवणुकीतून आसपासच्या फाउंड्रीवाल्यांना मायक्रॉनची भाषा येऊ लागली.

कंपनी काही धर्मादाय करायला आली नव्हती. रॉयल्टी आणि लाभांश तिने रीतसर नेला. 1997 मध्ये किर्लोस्कर बाहेर पडले, नाव ‘कमिन्स इंडिया’ झाले. पण तोवर मुळे बरीच खाली गेली होती. कर्वे संस्थेच्या मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला 1991 पासून याच कंपनीचे नाव आहे. पुढे फलटणच्या माळावरही तिची इंजिने बनू लागली.

सातपाटीच्या नाखव्याला या दोन तऱ्हांमधला फरक भाषणावाचून कळतो. होडीवर शिडाची जागा डिझेल इंजिनाने घेतली तेव्हापासून तो ब्रँडच्या आधी एकच विचारतो: याचा मेस्त्री बंदरात आहे का? ऐन पापलेटच्या मोसमात होडी किनाऱ्याला बसून राहिली, तर कंपनीचे मुख्यालय कुठल्या खंडात आहे याच्याशी त्याला काय देणेघेणे?

बोईसरच्या शेडमध्येही तेच चालते. जनरेटरवाल्यांच्या बोलीत ‘बी चेक’ म्हणजे तेल आणि फिल्टर बदलणे, ‘डी चेक’ म्हणजे सबंध इंजिन उघडणे. जुना फिटर स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाशी धरतो आणि कुठला टॅपेट वाजतोय ते सांगतो. फिलर गेजची पातळ पट्टी सरकवताना तिची ओढ त्याच्या बोटांना कळते. पण 1 जुलै 2023 पासून जनरेटरच्या धुराचे नवे नियम आले. नव्या इंजिनात सेन्सर आणि एक छोटा संगणक बसला. हे इंजिन बिनसले की आधी कोड दाखवते, मग आवाज करते. कधीकधी आवाज करतच नाही.

म्हणून हल्ली त्या शेडमध्ये दोघे जातात. फिटरच्या हातात पाना, आणि सोबत नुकतीच पदवी घेतलेली एखादी मुलगी, मांडीवर लॅपटॉप. केबल जोडली जाते. फिटर हात पुसत विचारतो, ‘काय म्हणतंय?’ ती पडद्यावरचा कोड वाचते. तो मान हलवतो, स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘आता कान लाव.’