अभिलेखांचा डिस्कसंच : सुरू करताना, बंद करताना

(कार्यालयीन कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे जालना येथे केलेले भाषण)



जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. परंतु या भूमीचे अभिलेख जिल्ह्याहून कितीतरी जुने आहेत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा शोध घेतला, तेव्हा उर्दू व मोडी लिपींतील जीर्ण कागदांचे मोल साऱ्यांनाच उमगले. असे कागद आज स्कॅन करून संगणकात जतन केले जातात. कागदाला वाळवीचे भय होते. डिस्कला मुख्य भय आहे ते अचानक खंडित होणाऱ्या विजेचे आणि आपल्या घाईचे.

डिस्कसंच म्हणजे एका कपाटात बसविलेल्या अनेक डिस्क आणि त्यांचा कारभार पाहणारा नियंत्रक. माहिती अनेक डिस्कवर विभागून ठेवण्याच्या या पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली अमेरिकेतील बर्कली येथे केली. ‘रेड’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्या पाचव्या प्रकारात एक, तर सहाव्या प्रकारात दोन डिस्क निकामी झाल्या तरी उरलेल्यांवरून माहिती पुन्हा सिद्ध करता येते.

मग धोका कोठे आहे? मोंढ्यातील मुनीम घाईच्या वेळी व्यवहार कच्च्या खर्ड्यावर टिपतो आणि सवडीने रोजकीर्दीत उतरवितो. नियंत्रकही तेच करतो. आलेली नोंद तो प्रथम आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो, ‘नोंद झाली’ असे कळवितो आणि नंतर ती डिस्कवर लिहितो. मधल्या क्षणी वीज गेली तर तो खर्डाच पुसला जाण्याची भीती असते. यासाठी नियंत्रकाला स्वतंत्र बॅटरी दिलेली असते. पण तीही कालांतराने दुबळी होते.

म्हणून बंद करण्याचा क्रम पाळावा. प्रथम सर्वांना काम थांबविण्याची सूचना द्यावी. नंतर माहितीकोश व अन्य कार्यप्रणाली बंद कराव्यात, मग सर्व्हर बंद करावेत. त्यानंतर नियंत्रकाला त्याच्या आज्ञावलीतून बंद होण्याचा आदेश द्यावा आणि खर्ड्यातील नोंदी डिस्कवर उतरेपर्यंत थांबावे. नियंत्रक बंद झाल्यावर जोडकपाटांची वीज काढावी. यूपीएस सर्वांत शेवटी.

सुरू करताना हाच क्रम उलटा करावा. यूपीएस आणि जाळ्याचे स्विच आधी, मग डिस्कची जोडकपाटे. फिरत्या डिस्कला गती घेताना अधिक विद्युत्प्रवाह लागतो. म्हणून दिवे स्थिर होईपर्यंत धीर धरावा. त्यानंतर नियंत्रक आणि अखेरीस सर्व्हर. नियंत्रक आधी जागा झाला आणि त्याला डिस्क दिसल्या नाहीत, तर तो त्या निकामी ठरवू शकतो. धडधाकट संच केवळ घाईमुळे आजारी ठरतो! यंत्रागणिक क्रमात थोडाफार फरक असतो. तेथे उत्पादकाच्या पुस्तिकेतील क्रमच प्रमाण मानावा.

वीज गेल्यावर ‘येईलच आता’ म्हणून यूपीएस संपेपर्यंत वाट पाहू नये. बंद करण्यास किती मिनिटे लागतात हे एकदा तालीम करून मोजावे आणि तेवढा अवधी हाती असतानाच काम सुरू करावे. वीज परतली तरी पुरवठा स्थिरावल्याशिवाय संच चालू करू नये. धोक्याचा दिवा लागलेली डिस्क काढताना क्रमांक दोनदा ताडून पाहावा. शेजारची चांगली डिस्क चुकून निघाली, तर पाचव्या प्रकारातील संच तत्काळ कोलमडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. डिस्कसंच म्हणजे दुसरी प्रत नव्हे. आग, पूर अथवा चुकीने पुसलेली नोंद यांपासून तो वाचवीत नाही. स्वतंत्र प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ती वाचता येते की नाही, हे अधूनमधून तपासावे.

या कामाला मोठी विद्वत्ता लागत नाही, शिस्त लागते. दोन्ही क्रम मराठीत लिहून यंत्राशेजारी भिंतीवर लावावेत. एकाऐवजी दोघांना ते काम शिकवावे. संच कोणी, केव्हा, कशासाठी बंद केला याची वही ठेवावी. यूपीएसच्या बॅटऱ्या वेळीच बदलण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्याकडे सदस्यांनी लक्ष द्यावे. अंबड, भोकरदन वा मंठ्याहून एसटीने आलेला शेतकरी खिडकीपाशी उभा राहतो, तेव्हा त्याच्या आजोबांची नोंद त्याच दिवशी त्याच्या हाती पडावी. आपल्या पाच-दहा मिनिटांच्या धीरावर हे अवलंबून आहे, याचे भान आपण सर्वांनी ठेवावे, एवढीच विनंती.