गाणं विसरलेला पक्षी

आज कोड-बिड काही नाही, आज पक्षी.

सिडनीत राहणाऱ्या आपल्या लोकांना वॉटलबर्ड हे नाव माहीत नसेल, पण आवाज नक्की माहितीये. भल्या पहाटे खिडकीबाहेर कुणीतरी घसा खाकरतंय असं वाटतं ना? तोच. अँथोकेरा ही त्याची प्रजाती, हनीईटर कुळातली. फुलातला मध चाटायला जिभेचं टोक ब्रशसारखं. टास्मानियातला पिवळा वॉटलबर्ड तर हनीईटरांमध्ये सगळ्यात मोठा, आणि त्याचा आवाज म्हणजे शेजाऱ्याला उलट्या होतायत की काय!

याच प्रजातीत एक गुणी गायक आहे, रीजंट हनीईटर. काळा-पिवळा, देखणा. पूर्वी थेट ॲडलेडपासून क्वीन्सलँडपर्यंत त्याचे थवे दिसायचे. शेतीसाठी युकॅलिप्टसची रानं तुटली आणि आता रानात उरलेत जेमतेम काहीशे.

पिल्लू गाणं जन्मतः घेऊन येत नाही, ऐकून शिकतं. बापाकडून शिकेल म्हणावं, तर घरट्यात पिल्लं असताना बाप जवळपास गप्पच. घरट्याचा पत्ता शिकाऱ्याला कोण सांगेल? म्हणजे घरटं सोडल्यावर इतर मोठ्या नरांकडून शिकायचं. पण ते नर आहेत कुठे? मग पोरगं जे कानावर पडेल ते उचलतं. 2021 मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे 12 टक्के नर चक्क दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांचं गाणं म्हणताना सापडले. अशा नरांना जोडीदार मिळणं अवघड, कारण मादीला ते गाणं आपलं वाटतच नाही. म्हणजे पिल्लं आणखी कमी, शिकवणारे आणखी कमी. आमच्या भाषेत इन्फिनिट लूप.

सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात 1995 पासून यांची पैदास होते. तिथल्या पिल्लांना आधी स्पीकरवर रेकॉर्डिंग ऐकवून पाहिलं. नुसत्या त्यानं फारसं काही झालं नाही. (ऑनलाइन क्लासचा अनुभव आपल्यालाही आहेच.) मग रानात जन्मलेले नर गुरुजी म्हणून ठेवले, एका गुरुजीमागे पोरंही कमी केली. तीन वर्षांत रानातलं गाणं म्हणणाऱ्या पिल्लांचं प्रमाण शून्यावरून 42 टक्क्यांवर गेलं.

तोवर इकडे ब्लू माउंटन्सच्या रानात मूळ गाणं तुटत तुटत निम्म्यावर आलं होतं. पूर्ण चाल आता पिंजऱ्यातल्या पोरांनाच येते. तीच पोरं रानात सोडायची, आणि रानातल्यांनी ती त्यांच्याकडून उचलायची, असा बेत आहे.