झोपेची गोळी : सोडावी, पण एकाएकी नव्हे
(वार्षिक सभेतील भाषण)



झोपेच्या गोळीची सवय वाईट, हे आपण सारे जाणता. आम्हांला अधिक चिंता वाटते ती ही सवय एका रात्रीत मोडू पाहणाऱ्या सद्हेतूची. आईच्या गोळ्या रागाने कचऱ्यात टाकणारा मुलगा तिच्या भल्यासाठीच तसे करीत असतो.

१९६३ साली डायझेपाम बाजारात आले. आधीच्या बार्बिट्युरेट औषधांहून ते पुष्कळ सुरक्षित, म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी ते मुक्तहस्ते लिहून दिले. त्याच कुळातली अल्प्राझोलाम व क्लोनाझेपाम ही नावे आज आपल्याकडे अनेक घरांत परिचित आहेत. मेंदूला शांतविणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम ही औषधे वाढवितात. काही आठवडे ती रोज घेतली, की मेंदू त्या आधारावरच तोल सांभाळू लागतो. आधार एकाएकी काढला, तर निद्रानाश पूर्वीहून बळावतो, हात थरथरतात, घाम सुटतो. काहींना भ्रम होतो, आकडी येते, प्रसंगी जिवावरही बेतते.

रुग्णालयात हे फार साधेपणाने घडू शकते. खुब्याचे हाड मोडलेल्या आजी दाखल होतात. (वृद्धांच्या पडण्यामागे पुष्कळदा हीच गोळी असते, ते वेगळेच.) रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे घरचे बिनचूक सांगतात. रात्रीची ‘अर्धी गोळी’ मात्र कोणी सांगत नाही, कारण तिला औषध म्हणून कोणी मोजतच नाही. शस्त्रक्रिया उत्तम होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजी बरळू लागतात. दोष भुलीवर जातो.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’खाली आहेत, विक्रेत्याने त्यांची वेगळी नोंदवही ठेवावयाची असते. तरीही जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते, हेही आपणांस ठाऊक आहे.

गोळी सोडता येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी, आरंभी साधारण ५ ते १० टक्केच, कमी करीत जावे लागते. त्यास महिने लागतात. मध्येच थांबावेही लागते. उठण्याची वेळ ठरावीक ठेवणे, दुपारची झोप टाळणे याचा या काळात चांगला उपयोग होतो. मद्य मात्र पूर्ण वर्ज्य, कारण दोहोंच्या संयोगाने श्वास मंदावतो. पूर्वी आकडी आलेल्यांनी किंवा मद्याची सवय असलेल्यांनी घरच्या घरी प्रयोग करूच नये.

रुग्णास दाखल करताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, उशीखाली ठेवलेलीही.